रेझिन आणि अ‍ॅडहेसिव्ह बनवायला शिकताना: पहिल्या कपापासून पहिल्या मोठ्या बॅचपर्यंत

या कामात नव्याने येणारा जवळजवळ प्रत्येक जण बाटलीपासून सुरुवात करतो. कुठलं रेझिन घेऊ, कुठला हार्डनर (रेझिनला घट्ट करणारा दुसरा भाग) घेऊ, फिलर (भरीची पूड) किती टक्के घालू. मीही तेच केलं होतं. सँडब्लास्ट केलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर २० मेगापास्कलच्या पुढे जाणारं इपॉक्सी तयार केलं, आकडे बघून खूश झालो, आणि ग्राहकाच्या लाइनवर जोडलेले पत्रे नुसत्या हाताने सुटे झाले. पुढचे तीन आठवडे मी फॉर्म्युला बदलत बसलो. सिलेन (पृष्ठभागाशी पकड वाढवणारा घटक) वाढवलं, हार्डनर बदलून पाहिला. शेवटी तिथल्या एका ऑपरेटरने सहज बोलता बोलता सांगितलं, की पत्रा प्रेसमधून निघून थेट जोडायला येतो, अंगावरच्या तेलासकट. माझ्या प्रयोगशाळेत मात्र प्रत्येक पट्टी अ‍ॅसिटोनने पुसूनच हातात घेतली जात होती. अ‍ॅडहेसिव्ह ठीक होतं, फक्त भलत्याच पत्र्यासाठी बनवलं होतं.

म्हणून खालच्या पायऱ्या जोडापासून सुरू होतात, रसायन नंतर येतं. उदाहरणं बहुतेक दोन भागांच्या इपॉक्सीची घेतली आहेत: भाग ए रेझिनचा, भाग बी हार्डनरचा. शिकायला ते सोयीचं पडतं: हिशोब स्वच्छ असतो, खोलीच्या तापमानाला सेट होतं, आणि चूक केली तर ती लपत नाही.

पायरी १: आधी जोडाची चौकशी

वहीच्या पहिल्या पानावर रसायनाचं नावही येऊ देऊ नका. त्या पानावर या गोष्टी लिहा:

- काय कशाला जोडायचं आहे, आणि तो पृष्ठभाग प्रत्यक्षात कसा येतो: तेलकट, गंजलेला, रंगवलेला, मोल्डमधून नुकताच निघालेला?
- दोन तुकड्यांमध्ये फट किती? ०.१ मिमी आणि ३ मिमी ही दोन वेगळी कामं आहेत.
- अ‍ॅडहेसिव्ह लावणार कोण आणि कसं: माणूस पट्टीने, कार्ट्रिजमधून, की मशीन?
- लावल्यापासून तुकडे जुळवेपर्यंत किती वेळ लागतो, आणि जोड हलवता येण्याइतका घट्ट कधी व्हायला हवा?
- वापरात कमाल आणि किमान तापमान किती, पाणी, इंधन, सफाईचं रसायन लागणार का?
- भार कुठल्या दिशेने येणार?

शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त टाळला जातो. एक चिकटपट्टी काचेवर लावा आणि काचेला समांतर ओढा. हलणार नाही. आता तिच्या टोकाखाली नख घालून वर उचला. सहज निघेल. पहिल्या वेळी सगळं क्षेत्रफळ मिळून भार घेत होतं. त्याला शिअर म्हणतात. दुसऱ्या वेळी सगळा ताण एका बारीक रेषेवर आला, तो पील. कडक, ठिसूळ अ‍ॅडहेसिव्ह शिअरमध्ये भन्नाट आकडे देतं आणि पीलमध्ये कोलमडतं. ग्राहकाने नुसतं "स्ट्राँग पाहिजे" म्हटलं तर त्याला भाग हातात धरायला लावा आणि विचारा, हा तुटतो तेव्हा कुठून उघडायला लागतो? कधी कधी डिझाइनमध्ये कड थोडी दुमडली की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. हे सुचवायला संकोचू नका.

पायरी २: कुटुंब निवडा, रेझिन विकत घ्या

इपॉक्सी धातू, काँक्रीट आणि कॉम्पोझिटला चांगलं धरतं, उष्णता आणि रसायनं बऱ्यापैकी सोसतं, पण मुळात ठिसूळ असतं. पॉलियुरेथेन लवचिक, थरथर सोसणारं, मात्र सेट होताना ओलाव्याला फार हळवं. मेथाक्रिलेटवालं अ‍ॅक्रिलिक झटपट सेट होतं, थोडा तेलकटपणा खपवून घेतं आणि वासाने सगळ्यांना हैराण करतं. सिलिकोन ताकदीला कमी, पण उष्णता आणि उन्हात टिकाऊ. फिनॉलिक आणि युरिया-फॉर्मल्डिहाइड ही प्लायवूड आणि पार्टिकल बोर्डची जुनी रेझिनं. अनसॅच्युरेटेड पॉलिएस्टर मुख्यतः काचतंतूंच्या कामात. हॉटमेल्ट आणि व्हिनाइल अ‍ॅसिटेटची इमल्शनं पॅकिंग आणि लाकूडकामात.

यातली बरीचशी रसायनं जुनी आहेत. लिओ बेकलंडने फिनॉल-फॉर्मल्डिहाइडच्या रेझिनसाठी १९०७ मध्ये पेटंटचा अर्ज केला. ऑटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांचं पॉलियुरेथेनवरचं काम १९३७ चं. त्यामुळे नव्या माणसाने पहिल्याच महिन्यात नवीन रेझिनचा रेणू घडवायला निघू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बेस रेझिन घडवणं हे रिअ‍ॅक्टर, व्हॅक्यूम आणि तापमान नियंत्रणाचं काम आहे, त्याची शिस्त वेगळी. बाजारातल्या औद्योगिक अ‍ॅडहेसिव्हचा मोठा भाग फॉर्म्युलेशनमधून येतो: तयार रेझिन, तयार हार्डनर आणि त्यांत घातलेल्या सात-आठ गोष्टींचा तोल. तो आधी हातात बसू द्या.

पायरी ३: हातमोजे, आणि ते का

हा भाग लहान ठेवतो, पण वगळू नका. इपॉक्सी रेझिन आणि अमाइन हार्डनर यांची त्वचेला अ‍ॅलर्जी होऊ शकते. ती पहिल्या दिवशी दिसेलच असं नाही, वर्षभर उघड्या हातांनी काम केल्यावर अचानक उमटू शकते आणि नंतर जन्मभर राहते. मग थेंबभर रेझिननेही हात सुजतात आणि माणसाला हे कामच सोडावं लागतं. नायट्रिलचे मोजे वापरा, बरबटले की लगेच बदला. हाताला लागलेलं रेझिन सॉल्व्हंटने पुसू नका; सॉल्व्हंट त्वचेचं तेल काढतो आणि रेझिनला आत जायला वाट करून देतो. साबण-पाणी वापरा.

पॉलियुरेथेनमधल्या आयसोसायनेटचा धोका श्वासाला आहे, त्यातून दमा जडू शकतो. युरोपीय संघात २४ ऑगस्ट २०२३ पासून ०.१ टक्क्यापेक्षा जास्त मोनोमेरिक डायआयसोसायनेट असलेला माल कामात वापरणाऱ्याला प्रशिक्षण सक्तीचं आहे, यावरून काय ते समजा. फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे.

आणि एक गोष्ट भिंतीवर लिहून लावा. पॉलिएस्टर रेझिनसाठी लागणारे कोबाल्टचं प्रवेगक आणि एमईकेपी हे पेरॉक्साइड एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं, पेरॉक्साइड त्यानंतर. दोन्ही बाटल्या एका कपाटात शेजारी शेजारी दिसल्या तर आधी त्या वेगळ्या करा, बाकीचं काम मागाहून.

पायरी ४: हिशोब

पॉलिमरच्या कामात टक्केवारीपेक्षा इक्विव्हॅलंट, म्हणजे अभिक्रिया करणाऱ्या गटांची मोजणी, महत्त्वाची. इपॉक्सीच्या डब्याबरोबर येणाऱ्या कागदावर ईईडब्ल्यू नावाचा आकडा असतो: किती ग्रॅम रेझिनमध्ये इपॉक्सी गटांचा एक इक्विव्हॅलंट (एक मोल) आहे, ते. नेहमीच्या द्रव बिसफेनॉल-ए रेझिनचा तो १९० च्या आसपास असतो. हार्डनरसाठी रेणूभाराला अमाइनवरच्या सक्रिय हायड्रोजनच्या संख्येने भागायचं. टेटा, म्हणजे ट्रायएथिलीन टेट्रामाइनचा रेणूभार १४६, सक्रिय हायड्रोजन ६. भागाकार २४.४. मग १०० ग्रॅम रेझिनला हार्डनर लागतो २४.४ × १०० ÷ १९० = १२.८ ग्रॅम.

इथपर्यंत सगळ्यांना जमतं. चूक होते ती पुढे.

समजा रेझिन घट्ट वाटलं म्हणून ८५ ग्रॅम रेझिनमध्ये २८५ ईईडब्ल्यूचा १५ ग्रॅम रिअ‍ॅक्टिव्ह डायल्युअंट (पातळ करणारा, पण स्वतःही अभिक्रिया करणारा द्रव) घातला. रेझिनचे इक्विव्हॅलंट ८५ ÷ १९० = ०.४४७, डायल्युअंटचे १५ ÷ २८५ = ०.०५३, बेरीज ०.५००. म्हणजे मिश्रणाचा ईईडब्ल्यू २०० झाला. आता त्यात ६० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट घातलं. एकूण वजन १६० ग्रॅम, पण इक्विव्हॅलंट ०.५ च, कारण खडीची पूड अभिक्रिया करत नाही. भाग ए चा ईईडब्ल्यू आता ३२०. त्याच्या १०० ग्रॅमला टेटा लागेल ७.६ ग्रॅम, आणि सगळ्या १६० ग्रॅमला १२.२.

नवखा माणूस इथे जुनाच १२.८ चा आकडा १६० ग्रॅमला लावतो आणि २०.५ ग्रॅम हार्डनर ओततो. सुमारे दीडपट-पावणेदोनपट. मिश्रण सेट होतं, हाताला कडकही लागतं, त्यामुळे शंका येत नाही. मात्र मोकळं राहिलेलं अमाइन पाणी ओढतं, उष्णतेत जोड मऊ पडतो, आणि दोष फिलरवर ढकलला जातो. म्हणून डायल्युअंट, फिलर, टफनर (ठिसूळपणा कमी करणारा घटक) काहीही बदललं की हिशोब पहिल्या ओळीपासून परत करा. स्प्रेडशीट जरूर बनवा, पण निदान पहिले दहा फॉर्म्युले हाताने.

पॉलियुरेथेनमध्ये हाच हिशोब आयसोसायनेट आणि हायड्रॉक्सिलचा असतो, त्यात तिसरा भिडू घुसतो: पाणी. एक किलो पॉलिऑलमध्ये (हायड्रॉक्सिलवाल्या भागात) ०.१ टक्का पाणी म्हणजे १ ग्रॅम. हे एक ग्रॅम पाणी जवळजवळ १४ ग्रॅम एमडीआय (एक आयसोसायनेट) खाऊन टाकतं आणि सव्वा लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतं. जोडात फुगे आले तर आधी पॉलिऑलचा ओलावा तपासा. फिलर भट्टीत वाळवून घेतला होता का, तेही विचारा. फिलरच्या गोणीचं तोंड रात्रभर उघडं राहिलं होतं, हे उत्तर मला एकदा नव्हे, अनेकदा मिळालं आहे.

पायरी ५: पहिला कप

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, चपट्या बुडाचे कप, लाकडी किंवा धातूची पट्टी, थर्मामीटर आणि घड्याळ. सुरुवातीला एवढं पुरतं.

रेझिन थंडीत राहिलं असेल तर आधी डब्यात बघा. द्रव इपॉक्सी गारठ्यात पांढरट, दाणेदार होतं. खराब झालेलं नसतं, फक्त स्फटिक बनलेले असतात. ५०-६० अंशांवर पूर्ण स्वच्छ होईपर्यंत तापवा. अर्धवट वितळवून वापरलं तर उरलेले दाणे बीज ठरतात आणि डबा पुन्हा जमतो. वापरण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

आधी रेझिन तोला, त्यावर हार्डनर. दोन मिनिटं ढवळा, कडा आणि बूड खरवडत. मग सगळं मिश्रण दुसऱ्या स्वच्छ कपात ओता आणि आणखी एक मिनिट ढवळा. पहिल्या कपाच्या भिंतीला चिकटलेलं अर्धवट मिश्रण मागे राहतं, त्याला खरवडून नव्या कपात आणू नका. जोडात मध्येच चिकट, कधीच न सुकणारा ठिपका सापडतो, त्याचं मूळ बहुतेक वेळा या भिंतीवर असतं.

वजन ५० ग्रॅमच्या पुढे नेऊ नका. का, ते आकड्यात बघा. इपॉक्सी आणि अमाइनची अभिक्रिया दर इक्विव्हॅलंटला साधारण १०० किलोज्यूल उष्णता सोडते. १०० ग्रॅम रेझिनमध्ये ०.५३ इक्विव्हॅलंट, म्हणजे ५३ किलोज्यूल. ही सगळी उष्णता कपातच अडकली तर तापमान दोनशे अंशांहून जास्त चढायला पुरेशी आहे. पातळ थरात ती निघून जाते, कपात नाही. कप आधी कोमट लागतो, मग दहा-पंधरा मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं, आणि मग दोन मिनिटांत तो धरवत नाही, प्लास्टिक वाकतं, धूर येतो. धूर दिसला की कप बाहेर मोकळ्या हवेत न्या, झाकू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. याच कारणाने नुसतं "पॉट लाइफ ३० मिनिटं" (मिसळल्यावर माल वापरता येण्याचा वेळ) लिहिण्याला अर्थ नाही. किती ग्रॅमला, किती अंशांना, हे लिहा. तापमान दर १० अंशांनी वाढलं की वेळ साधारण निम्मा होतो, हा अंदाज कामचलाऊ आहे, पण नियोजनाला पुरतो.

जेल टाइम, म्हणजे मिश्रण जेलीसारखं घट्ट व्हायला लागणारा वेळ, पट्टीने बघा: दर मिनिटाला टोक बुडवून उचला, तार निघायची थांबून मिश्रण तुटायला लागलं की वेळ नोंदवा.

दमट, थंड दिवशी सुकलेल्या थरावर मेणासारखा चिकट पापुद्रा दिसला तर तो अमाइन ब्लश. हार्डनरचं अमाइन हवेतल्या कार्बन डायऑक्साइड आणि ओलाव्याशी जुळून तो तयार होतो. त्यावर दुसरा थर दिला तर सुटतोच. हा पापुद्रा पाण्यात विरघळतो, म्हणून कोमट पाण्याने धुवायचा, त्यानंतर घासायचं. थेट घासलं तर तो कागदाबरोबर सगळीकडे पसरतो.

पायरी ६: एकेक घटक, एका वेळी एकच

आता मिश्रण काम करू लागलं आहे, पण उभ्या भिंतीवरून ओघळतं, आकसतं, ठिसूळ आहे. त्यावर इलाज घटकांचे.

ओघळण्यावर फ्यूम्ड सिलिका, बहुधा २ ते ४ टक्के. ती ढवळताना पातळ आणि थांबल्यावर घट्ट असं मिश्रण देते. वेगाने फिरणाऱ्या पात्याने नीट फोडली नाही तर गुठळ्या राहतात आणि मग लोक टक्केवारी वाढवत बसतात. वजन आणि आकसणं आटोक्यात ठेवायला कॅल्शियम कार्बोनेट किंवा क्वार्ट्झ. आग रोखायला अ‍ॅल्युमिना ट्रायहायड्रेट, तापल्यावर ते पाणी सोडतं. व्हिस्कॉसिटी (द्रवाचा दाटपणा) मोजताना तापमान लिहायचं कधी विसरू नका. द्रव इपॉक्सी २५ अंशांना ११,००० ते १४,००० मिलिपास्कल-सेकंद असतं (पाणी १, ग्लिसरीन हजाराच्या थोडं खाली), पण खोली पाच-सहा अंशांनी गार झाली तर हाच आकडा दुपटीच्या आसपास जातो. व्हिस्कॉसिटीवरून होणारे निम्मे वाद खरं तर तापमानाचे असतात.

ठिसूळपणावर रबर. सीटीबीएन नावाचं द्रव रबर आधी रेझिनशी अभिक्रिया करून घेतात. सेट होताना ते वेगळं होऊन मायक्रॉनएवढे थेंब तयार करतं, आणि धावणारी चीर त्या थेंबांपाशी आपली ऊर्जा खर्च करते. मात्र थोडं रबर रेझिनमध्येच विरघळून राहतं आणि उष्णता सोसण्याची मर्यादा खाली आणतं. कोअर-शेल कण (आत रबर, बाहेर कडक कवच) वापरले तर हा त्रास कमी. ठिसूळ रेझिनला मऊ सोबती देण्याची कल्पना जुनी आहे: नॉर्मन डी ब्रायनने १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला विमानांसाठी रेडक्स बनवलं, त्यात फिनॉलिक द्रवाचा थर देऊन वर पॉलिव्हिनाइल फॉर्मलची पूड भुरभुरायचे आणि दाबून तापवायचे. एकटं फिनॉलिक धातूवर तडकलं असतं.

सिलेन काच आणि धातूच्या ओल्या जोडांसाठी. इपॉक्सीत ग्लायसिडॉक्सी सिलेन, १ टक्क्याच्या आत-बाहेर. जास्त घातलं म्हणून जास्त चिकटत नाही.

एका दिवसात तीन गोष्टी बदलायचा मोह होईल, कारण घाई असते. तसं केलं तर सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही आणि महिन्याभराने तेच काम परत करावं लागतं. घटकांचा एकमेकांवर परिणाम तपासायचा असेल तर आधीच आराखडा आखून प्रयोग करा, ते वेगळं. मनाला येईल तसं बदलणं म्हणजे आराखडा नव्हे.

पायरी ७: पृष्ठभाग

अ‍ॅडहेसिव्ह चिकटण्यासाठी ते आधी पसरलं पाहिजे. पॉलिइथिलीनची पृष्ठऊर्जा (ती जितकी कमी, तितका द्रव कमी पसरतो) साधारण ३१ मिलिन्यूटन प्रति मीटर, टेफ्लॉनची २० च्या खाली. साधं इपॉक्सी त्यांवर थेंब होऊन बसतं आणि सुकल्यावर चकतीसारखं उचकटून येतं. ही प्लास्टिकं जोडायची तर ज्वाला, कोरोना (विजेचा डिस्चार्ज), प्लाझ्मा किंवा प्रायमर लागतो. फॉर्म्युला रेटून हे होत नाही.

धातूसाठी क्रम पाळा: सॉल्व्हंटने पुसा, घासा किंवा ब्लास्ट करा, पुन्हा पुसा. आधी घासलं तर तेल ओरखड्यांत भरून बसतं. पुसताना कापड एका दिशेने न्या आणि घडी बदला. झाल्यावर पट्टीवर शुद्ध पाणी सोडा. पाण्याचा पापुद्रा अखंड राहिला तर पृष्ठभाग स्वच्छ, तुटून मणी झाले तर कुठेतरी तेल शिल्लक. या चाचणीला काही खर्च नाही आणि कित्येक महागड्या यंत्रांपेक्षा ती जास्त उपयोगी पडली आहे. नंतर ग्राहकाचा पत्रा जसा येतो तसाच, न पुसता घेऊन दुसरा संच करा. माझे तीन आठवडे या दुसऱ्या संचाअभावी गेले.

पायरी ८: तोडा, आणि तुटलेलं वाचा

लॅप शिअर ही नेहमीची चाचणी: आयएसओ ४५८७ किंवा एएसटीएम डी१००२. दोन पट्ट्या, २५ मिमी रुंद, १२.५ मिमी एकमेकींवर. क्षेत्रफळ ३१२.५ चौरस मिमी. ६,२५० न्यूटनला तुटली तर २० मेगापास्कल. प्रत्येक फॉर्म्युल्याच्या किमान पाच पट्ट्या करा. थराची जाडी सारखी राहावी म्हणून ०.२ मिमीचे काचमणी चिमूटभर मिसळा किंवा तेवढ्या जाडीची तार ठेवा. नाहीतर तुम्ही अ‍ॅडहेसिव्ह मोजत नसता, चिमट्याचा दाब मोजत असता. पाच आकडे २१, २०, २२, २१, ९ आले तर ९ खोडून सरासरी काढू नका. ती पट्टी बाजूला ठेवा, तिच्याकडून काहीतरी कळणार आहे.

आकडा लिहून झाला की पट्टीचे दोन्ही तुकडे उजेडात धरा. दोन्हीकडे अ‍ॅडहेसिव्ह आहे, थर स्वतःच मधून फाटला आहे, तर तो कोहेझिव्ह फेल्युअर: पकड चांगली, आता अ‍ॅडहेसिव्हची स्वतःची ताकद वाढवायचा विचार करा. एका तुकड्यावर चकचकीत धातू आणि दुसऱ्यावर सगळा थर, तर पकड सुटली: पृष्ठभाग, सिलेन किंवा ओलेपणाकडे बघा, रबर वाढवून काही होणार नाही. सब्सट्रेटच (ज्याला जोडलं तो तुकडाच) फाटला तर तुमचं काम बहुधा झालं. थरात गोल खड्डे म्हणजे हवा. गुळगुळीत आणि चिकट डाग म्हणजे मिश्रण कच्चं. नख लावून बघा, भिंगातून बघा, फोटो काढून वहीत चिकटवा. १८ मेगापास्कल आणि पूर्ण कोहेझिव्ह, असा जोड मी २२ मेगापास्कल आणि चकचकीत धातू यापेक्षा केव्हाही पसंत करेन, कारण दुसरा पहिल्या पावसाळी महिन्यात सुटू शकतो.

पाण्याचीच परीक्षा घ्यायची तर वेज टेस्ट करा. दोन जोडलेल्या अ‍ॅल्युमिनियम पट्ट्यांच्या टोकात पाचर ठोकायची, चीर जिथे थांबते तिथे खूण करायची आणि तुकडा गरम, दमट पेटीत ठेवायचा. चीर तासाभरात पुढे सरकली तर कोरड्या लॅप शिअरचे आकडे कितीही चांगले असोत, पृष्ठभागावरचं काम अपुरं आहे.

उष्णतेचा प्रश्न डीएससी यंत्रावर (नमुना तापवून उष्णतेची देवघेव मोजणारं यंत्र) सुटतो. ते काचसंक्रमण तापमान सांगतं, ज्याच्या पुढे कडक जाळं रबरासारखं मऊ होतं. खोलीच्या तापमानाला सेट केलेलं इपॉक्सी बहुधा ५०-६० अंशांच्या आसपास अडकतं: जाळं घट्ट झालं की रेणूंना हलायला जागा उरत नाही आणि अभिक्रिया अर्धवट थांबते. दोन तास ८० अंशांवर ठेवलं की ती पुढे सरकते. वापरात ९० अंश येणार असतील आणि ग्राहकाकडे भट्टी नसेल, तर हे पहिल्या पानावरच निघायला हवं होतं.

पायरी ९: कपातून ड्रमात

प्रयोगशाळेतला १ लिटर १,००० लिटर झाला की उष्णता हजारपट होते, पण ती बाहेर टाकणारा पृष्ठभाग फक्त शंभरपट. साध्या मिश्रणाच्या बॅचमध्ये याचा अर्थ एवढाच, की सिलिका फोडताना मिश्रण तापतं आणि थंड करायला तास जातात. पण रेझिन शिजवत असाल तर हाच भूमितीचा नियम जिवावर उठतो. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात फिनॉलिक रेझिनच्या एका रिअ‍ॅक्टरचा स्फोट झाला आणि त्यात एका कामगाराचा जीव गेला. कच्चा माल आणि उत्प्रेरक हळूहळू सोडण्याऐवजी एकदमच घालून वर वाफ दिली गेली होती. अभिक्रिया थंड करण्याच्या क्षमतेच्या पुढे पळाली. प्रक्रियेच्या कागदावर "हळूहळू" असा शब्द कधीच लिहू नका. किती किलो, किती मिनिटांत, किती अंश ओलांडले की झडप बंद, एवढं लिहा.

दोन भागांच्या मालात आणखी एक हिशोब येतो. तुम्ही वजनाने मिसळत होता, कार्ट्रिज आकारमानाने मिसळतं. समजा प्रमाण वजनाने १००:३५, भाग ए ची घनता १.४०, भाग बी ची ०.९८. आकारमान ७१.४ आणि ३५.७, म्हणजे बरोबर २:१. प्रत्यक्षात इतकं नेटकं जुळून येत नाही, ते जुळवण्यासाठी बी मध्ये फिलर हलवावा लागतो. दोन्ही भागांची व्हिस्कॉसिटी फार वेगळी असेल तर स्थिर मिक्सरच्या नळीतून पट्टे पट्टे असलेला माल बाहेर येतो, म्हणून दोन्हींना वेगळे रंग द्या. मिसळून तिसरा एकसारखा रंग दिसला नाही तर लावणारा माणूस स्वतःच थांबेल.

साठवणीची चाचणी पहिल्याच आठवड्यात सुरू करा, माल तयार झाल्यावर नाही. तीन डबे: एक खोलीत, एक ४० अंशांवर, एक फ्रीजमध्ये. दर महिन्याला व्हिस्कॉसिटी, जेल टाइम आणि पाच पट्ट्या. तळाशी फिलर बसतो का ते पट्टी खाली टेकवून बघा. मऊ गाळ ढवळून वर येतो, दगडासारखा बसला तर फॉर्म्युला परत टेबलावर.

प्रत्येक बॅचचा एक लहान डबा, तारीख आणि बॅच क्रमांक घालून, मालाच्या हमीच्या मुदतीपुढे काही महिने ठेवा. तक्रार आली की दोन गोष्टी मागवायच्या: त्याच बॅचचा उरलेला माल आणि तुटलेल्या जोडाचे दोन्ही तुकडे, न पुसता, प्लास्टिकच्या पिशवीत. फोनवरचं वर्णन चालणार नाही, फोटोही पुरत नाही. तुकडे आले की आधी पाणी सोडून बघा.